तुमचंच हाय, ऐकून घ्या

आमच्या बाईंना एक खोड होती. कुणाविषयी चार ओळी जरी लिहिल्या, तरी त्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय छापायला द्यायच्या नाहीत. पिशवीत कागद घालून त्याच्या दारात जायचं, उंबऱ्यावर बसायचं, पदरानं चष्मा पुसायचा आणि म्हणायचं, "तुमचंच हाय, ऐकून घ्या. जिथं नको वाटंल तिथं हात वर करा." शाळेत आम्ही उत्तर द्यायला हात वर करायचो. इथं म्हातारीकोतारी हात वर करायची आणि बाई मुकाट्यानं ती ओळ खोडायच्या.

मोठी झाल्यावर मी त्यांच्याबरोबर पुष्कळ हिंडले. कळंबला बांगड्या भरणाऱ्या एक मौसी होत्या. बाईंनी त्यांच्यावर फार सुंदर लिहिलं होतं. मौसींनी सगळं ऐकलं, डोळे पुसले आणि हात वर केला. "रडले ते ऱ्हाऊ द्या बाई, हसले ते तेवढं काढा. लोक म्हणतील, हिला कायच दुःख नव्हतं." मला हसू आवरेना. बाईंनी मात्र ते हसणं खोडलं. एसटीत मी कुरकुर केली, "बाई, तीच ओळ सगळ्यांत चांगली होती."

"व्हती की," बाई म्हणाल्या. "पर तोंड त्यांचं हाय."

बाईंनी कामं तरी किती केली! जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, साक्षरतेच्या वर्गांसाठी पुस्तिका लिहिल्या, ऊसतोड कामगारांच्या मुलांचं हंगामी वसतिगृह सांभाळलं, जिल्ह्याच्या पेपरात दर रविवारी सदर लिहिलं. एकदा मुलांच्या वाचनासाठी पाठ लिहायला त्यांना पुण्याला बोलावलं होतं. ऊस तोडणाऱ्या एका मुलीवरचा त्यांचा पाठ सगळ्यांना आवडला. फक्त शेवटी ती मुलगी मोठी साहेब झाली असं दाखवा, म्हणाले. बाई म्हणाल्या, "ती पोरगी अजून मोळ्याच बांधतीय. तिला म्या असं वाचून दाखवलेलं न्हाय." आणि पाठ पिशवीत घालून रातराणीनं परत आल्या. घरातली माणसं डोक्याला हात लावून बसली. लोक म्हणायचे, बाई कुठंच टिकत नाहीत.

ही खोड त्यांना कशी लागली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तेव्हा चौथीत होते आणि सुनंदा माझ्या शेजारी बसायची. बारक्या भावाला कडेवर घेऊन ती शाळेत यायची. अंगात आईच्या जुन्या लुगड्याचा परकर. भाऊ मांडीवर झोपला की आमच्या सगळ्यांच्या आधी गणितं सोडवून मोकळी. बाई तरुण होत्या, नव्यानं लिहायला लागल्या होत्या. त्यांनी सुनंदावर पेपरात लिहिलं, नावानिशी. परकर, भाऊ, गणितं, सगळं. कौतुकच केलं होतं. गावातल्या हॉटेलात कुणीतरी तो पेपर मोठ्यानं वाचला, आणि तिथंच सुनंदाचे वडील चहा पीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. "बाई, आमचं फाटकं आमी झाकून ठिवलं व्हतं," एवढंच म्हणाले आणि गेले. सुनंदा पुन्हा शाळेत आली नाही. शाळा सुटली की बाई रोज तिच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. त्यांना बघितलं की सुनंदाची आई आत निघून जायची. दिवाळीनंतर ते सगळे ऊसतोडीला गेले, ते परत गावात आलेच नाहीत. पुढे बाईंनी वसतिगृहाचं काम मागून घेतलं ते त्यामुळंच. नवीन मुलं दाखल झाली की त्या आधी यादीतली आडनावं बघायच्या. वर्षं गेली तसं आडनावं बघणं सोडलं आणि प्रत्येक पोराला त्याच्या आईचं नाव विचारायला लागल्या. सुनंदा नावाच्या आया पुष्कळ निघाल्या. त्यांतली एकही आमची नव्हती.

बाईंचं पुस्तक निघायचं होतं, तेही या खोडीपायीच राहिलं. आमच्या जिल्ह्यातल्या वाशीला भाजी विकणाऱ्या एका आजींवरचा लेख त्यात सगळ्यांत सरस होता. पण तो वाचून दाखवायला जायचं ठरलं, त्याच आठवड्यात आजी वारल्या. बाईंनी तो लेख काढून टाकला. प्रकाशक म्हणाले, त्याच्याशिवाय पुस्तक करण्यात अर्थ नाही. मी बाईंशी चांगलीच भांडले. आजींचा मुलगा आपण होऊन 'छापा' म्हणत होता, मग तुमचं काय अडलं?

"लेकाचं व्हय लेकापुरतं," बाई म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला हात वर करता येत न्हाय, पोरी."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मी आता धाराशिवला कॉलेजात शिकवते, अधूनमधून लिहिते. बाईंवर लिहायचं कितीतरी वर्षांपासून मनात होतं. पण लिहिलं की त्यांना वाचून दाखवावं लागणार, आणि त्या सारखा हात वर करणार, या धास्तीनं मी चालढकल करत राहिले. एकदा त्याच म्हणाल्या, "माझ्यावर लिव्हणार असशील तर लवकर लिव्ह. हात वर होतोय तवर." आम्ही दोघी खळखळून हसलो, आणि मी परीक्षेचे पेपर तपासायला निघून गेले. ही माझी चूक आहे. तिच्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

बाई विसरायला लागल्या. आधी नावं, मग गॅस बंद करायचं, मग घरचा रस्ता. एक दिवस कळंबच्या स्टँडवरून चाळीस वर्षांपूर्वीच्या शाळेच्या गावी जाणाऱ्या गाडीत बसल्या. कंडक्टरनं ओळखलं म्हणून घरी पोचल्या. हे कळलं तेव्हा कुठं मी लिहायला बसले. लिहून झाल्यावर एका रविवारी कागद पिशवीत घातले आणि त्यांच्या घरी गेले.

बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्चीत बाई बसल्या होत्या. त्यांची सून म्हणाली, "आत्या, बघा तरी कोण आलंय."

"जयभीम, बाई," मी म्हटलं.

"जयभीम. या, बसा," बाई म्हणाल्या.

चौथीपासून मला 'बस गं' म्हणणाऱ्या बाई मला 'बसा' म्हणाल्या. मी उंबऱ्यावरच बसले. चष्मा पुसला, पाणी मागितलं आणि म्हटलं, "तुमचंच हाय, ऐकून घ्या. जिथं नको वाटंल तिथं हात वर करा." मग हे सगळं वाचलं. मौसी, पुणं, वाशीच्या आजी, सगळं. बाई कान देऊन ऐकत होत्या. सुनंदाचं आलं, तेही एक ओळ न गाळता वाचलं. मी सारखी त्यांच्या हाताकडं बघत होते. एकदा वर करा म्हणावं, एक ओळ तरी खोडायला लावा म्हणावं. हात मांडीवर होता तसाच राहिला.

वाचून संपलं. बाई पुढं वाकून म्हणाल्या, "चांगलं लिव्हलंय तुम्ही. त्या बाईंना वाचून दाखवलं का?"

सून तोंडाला पदर लावून आत गेली. मी म्हटलं, "दाखवलं."

"मग काय म्हणल्या त्या?"

मी कागद पिशवीत घालायला लागले. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "त्यांनी व्हय म्हणल्याबिगर छापू नका हां. माणूस एकदा रुसलं की परत येत न्हाय."

मी आणखी तीन रविवार गेले. तीनही वेळा त्यांनी पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं, आणि तीनही वेळा तेच विचारलं. काल मी हा लेख छापायला पाठवून दिला. आता बाई माझ्यावर रुसणारसुद्धा नाहीत.