वारंगा फाट्यावरचं रॅप

गाण्यांनी पोरं बिघडतात असं म्हणणारी माणसं मला अजूनही भेटतात आणि माझं डोकं अजूनही फिरतं. आमच्या घरात गाण्यांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेही सगळ्यात बदनाम गाण्यांनी.

दोन हजार सालानंतरची दोन-चार वर्षं असतील. मी नववीत होते. माझा मोठा भाऊ, दादा, बारावी होऊन वारंगा फाट्यावरच्या कॅसेट-सीडीच्या दुकानात बसायचा आणि पहाटे नांदेड रोडवर धावायचा, कारण त्याला पोलीस भरतीत उतरायचं होतं. दुकान एका चाचांचं. ट्रकवाले चहाला थांबले की गाणी घेऊन जायचे, म्हणून चाचा नांदेडहून गठ्ठ्याने माल आणायचे. एकदा त्या गठ्ठ्यात परदेशी रॅपची एक सीडी आली. वरच्या चित्रात गळ्यात साखळ्या घातलेले काळे, दणकट तरुण, हात कसेतरी वाकडे करून उभे. तिला गिऱ्हाईक मिळेना. न चालणाऱ्या सीड्या लोक तेव्हा पाखरं उडवायला शेतात टांगत, तिचंही तेच व्हायचं होतं. चाचा दादाला म्हणाले, "लेके जा रे, ये कौन सुनता इधर."

दादाने ती इतकी ऐकली की घरातल्या कोंबड्यांनाही पाठ झाली असेल. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मला शब्दकोश घेऊन बसवायचा. अर्धे शब्द शब्दकोशात सापडत नव्हते आणि जे सापडत ते आईसमोर वाचण्यासारखे नव्हते. पण काही ओळी लागल्या. पोलीस विनाकारण अडवतात. घरभाडं मागणारा दारात उभा आहे. शेजारचं पोरगं परवापर्यंत सोबत होतं, आज नाही. दादा त्याच ओळी पुन्हा पुन्हा लावायचा. एकदा म्हणाला, "हे लोक आपल्या गल्लीचं बोलून राहिले, अन् मान वर करून बोलून राहिले."

बायांबद्दल त्या गाण्यांत जे होतं ते मला तेव्हाही खपलं नाही. मी सरळ त्याला सांगितलं, हे तुझ्या तोंडून ऐकलं तर सीडी चुलीत घालीन. तो म्हणाला, "ते न्हाई घ्यायचं आपून. बोर खाताना बी थुकतोच की." दादाचं हे मला फार आवडायचं. वेडा व्हायचा, पण अक्कल गहाण ठेवून नाही.

महिन्याभरात फाट्यावरची पाच-सहा पोरं त्याच्यामागे लागली. सीडीचं चित्र घेऊन ती शिंप्याकडे गेली, तसल्या ढगळ पँटी शिवून द्या म्हणाली. शिंप्याने चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "यांच्या टेलरचं माप चुकलं." मग त्याला जे येत होतं ते त्याने केलं, पठाणी सलवारीला दोन खिसे लावून दिले. पोरं तीच घालून ऐटीत फिरायची. लोक हसायचे. पण एस.टी.त कंडक्टरने दरडावलं तरी खाली बघणारी ही पोरं आता दुकानामागे बसून यमक जुळवायची. रेशनवाल्यावर, शाळेतल्या छडीवर, बंद पडलेल्या हापशावर. आपल्या आयुष्यात गाणं करण्याजोगं काही आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसायचं.

बाबांना मात्र हे सहन होईना. बाबा आमच्या गावच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गायन पार्टीचे मुख्य गायक. त्यांचा आवाज कळमनुरी तालुक्यात नावाजलेला. त्यांना वाटायचं पोराने त्यांच्या मागे बसावं, ढोलकी शिकावी. "गुंडांची गाणी हायेत ती," ते म्हणाले. "आज गातोय, उद्या तसाच वागशील. एक केस लागली की भरती संपली, ध्यानात ठेव." आईला तर त्या केसशिवाय दुसरी भीतीच उरली नव्हती. दादाला कोणी हाक मारली तरी ती दारात येऊन बघायची.

त्या वर्षीच्या जयंतीला बाबांचा घसा आदल्या दिवसापासूनच बसला होता. ऊन उतरल्यावर विहारापासून मिरवणूक निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पार्टी, पुढे हलगी, मागे आम्ही बाया-पोरी. गावातले एक मोठे शेतकरी होते, सगळे त्यांना मालक म्हणत. त्यांच्या घरापाशी रस्ता अडला. मालक चार माणसं घेऊन आडवे उभे होते. "घरात लेकरू निजलंय," ते म्हणाले. "मागच्या गल्लीनं घ्या."

मागच्या गल्लीत गटार वाहत होतं. दरवर्षीचा रस्ता हाच होता. आमची पोरं पुढे सरकली, तिकडची चार माणसं आठ झाली, आणि बंदोबस्ताला असलेला एकुलता एक हवालदार घामाघूम झाला. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखायला लागला. दादा ट्रॉलीपाशीच उभा होता. मला त्याचं तोंड दिसत होतं आणि मला खरंच भीती वाटली. शब्दकोशातले सगळे बंदूकवाले शब्द मला तेव्हा आठवले. बाबांनी माईक घेतला, पण घशातून नुसती हवा आली.

तेव्हा दादा ट्रॉलीवर चढला आणि त्याने बाबांच्या हातातून माईक घेतला. उजव्या हातात माईक, डावा हात खाली, मूठ आवळलेली, अगदी त्या सीडीवरच्या तरुणांसारखा. हलगीवाल्याला मानेने खूण केली. मग चाल नाही, आलाप नाही, नुसतं बोलणं, पण हलगीच्या ठेक्यात बसवलेलं.

"मालक म्हणले, आवाज नगं, घरात लेकरू निजलं,
तुमच्या रानात माझ्या मायचं अर्धं जिणं भिजलं.
कापूस वेचाया रानामधून वाट सरळ होती,
जयंतीला दारापुढची काहून झाली छोटी?"

पुढे बरंच होतं, मला तेवढंच आठवतं. त्यात एक शिवी नव्हती. दम भरून, न थांबता तो बोलत होता आणि एकही शब्द हलगीच्या पुढेमागे होत नव्हता. आधी आमच्या बाया हसल्या, मग मालकांच्या बाजूची तरणी पोरं. हवालदार पाठ फिरवून हसला. आणि मग बाबांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. गायन पार्टीत मुख्य गायक ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. मुख्य गायकाने दुसऱ्याची ओळ उचलायची नसते, त्यात त्याचा कमीपणा असतो. बाबांनी त्या फाटलेल्या घशाने दादाची ओळ उचलली, "काहून झाली छोटी?" त्यांच्यामागे सगळ्या पार्टीने उचलली, मग सगळ्या रस्त्याने.

मालक बराच वेळ उभे होते. शेवटी त्यांचाच नातू हलगीवर टाळ्या देताना दिसला, तेव्हा ते आत गेले. मिरवणूक त्याच रस्त्याने गेली. दगड पडला नाही, केस झाली नाही.

परत विहारापाशी आल्यावर दादा ट्रॉलीवरून उतरला तरी त्याची डावी मूठ तशीच होती. आई त्याच्याजवळ गेली. तिने एकेक बोट सोडवून मूठ उघडली. आत दगड होता. इतका घट्ट धरलेला, की तळव्यात त्याच्या कडा उमटून रक्त आलं होतं. आईने तो दगड काढून घेतला आणि पदराने त्याचा हात पुसत राहिली. आजूबाजूची पोरं दादाला खांद्यावर घ्यायच्या गडबडीत होती, हे मी सोडून कोणी पाहिलं नाही.

दादा भरती झाला. पुढच्या जयंतीला तो ट्रेनिंगला होता, म्हणून फाट्यावरची ती पाच-सहा पोरं ट्रॉलीवर चढली. आपली आपण बांधलेली रॅप म्हणत होती, आणि सगळ्यांनी उजव्या हातात माईक धरून डावी मूठ घट्ट आवळली होती. तशीच ढब असते असं त्यांना वाटत होतं. मी ट्रॉलीला अगदी चिकटून चालत होते आणि प्रत्येकाची मूठ उघडेपर्यंत नीट बघत होते. सगळ्या रिकाम्या होत्या.