शिट्टीवाली प्रेमिला मेश्राम

प्रेमिला मेश्राम ढिवराच्या घरची. नवरा धनराज तलावात जाळं टाकायचा आणि ही सिंदेवाहीच्या बाजारात मासोळ्या विकायची. मेश्राम हे आडनाव त्या मुलखात ढिवरांत आहे, गोंडांत आहे, बौद्धांतही आहे; म्हणून कुणी कुणाचं नातलग ठरत नाही. पंचायत समितीच्या निवडणुकीला जंगलाकडच्या गावची एक गोंड बाई उभी राहिली, तिचंही नाव प्रेमिला मेश्राम निघालं, तेव्हा हिला नुसतं हसू आलं.

मग त्या बाईच्या विरोधातल्या उमेदवाराचे कार्यकर्ते गुणवंतराव घरी आले.

"वहिनी, तुमीबी उभ्या राहा. प्रचार नाई, काई नाई. तलावाचा ठेका तुमच्याच मच्छीमार सोसायटीकडे राहीन."

धनराजनं तिच्याकडे न बघताच होकार दिला. प्रेमिलानं अर्जावर सही केली. तिला चिन्ह मिळालं शिट्टी, त्या बाईला कपबशी.

माघारीची मुदत सरल्यावर बाजारात एक म्हातारी तिच्या टोपलीपाशी थांबली. "तूच का वं प्रेमिला मेश्राम? आमच्या जंगलातल्या जमिनीच्या पट्ट्यासाठी लय फिरलीस. मत तुलेच देतो."

त्या दिवसापासून प्रेमिलाचं जेवणावरून मन उडालं. शेवटी तिनं कपबशीवाल्या प्रेमिलाच्या गावची एसटी धरली.

ती बाई ओट्यावर सासूशी गोंडीत बोलत होती. हिला एक अक्षर कळेना. मधूनच 'मेश्राम' तेवढं ऐकू आलं.

"मी शिट्टीवाली," ही म्हणाली. "मले आता माघार घेता येत नाई. काय करू, बाई?"

"मले काऊन विचारतेस? सही करताना विचारलं होतं का?" बाईनं बस म्हटलं नाही की पाणी विचारलं नाही.

पुढच्या बाजारी प्रेमिला मासोळ्या सोडून गिऱ्हाइकांनाच धरू लागली. "शिट्टी दाबू नका! ते मी आहो. पट्टेवाली प्रेमिला कपबशीवर आहे." हे कानावर आलं तसा धनराज खवळला.

"ठेका जाईन आपला!"

"जाऊ द्या. माह्या नावानं दुसरीचा गळा नाई कापत मी."

निकालात कपबशी एकवीस मतांनी पडली. शिट्टीला मिळाली होती चौऱ्याहत्तर.

प्रेमिला घरात नुसती येरझाऱ्या घालत राहिली. इतकं ओरडून सांगितल्यावरही माणसं फसली कशी? तेवढ्यात शेजारची ठमाबाई हसत दारात आली.

"आपल्या गल्लीनं सगळी मतं तुलेच देल्ली. गावची बाई उभी असताना दुसरीले काऊन देऊ?"

कुणी फसलंच नव्हतं. बाजारभर सांगत फिरलेल्या प्रेमिलाला आपल्या गल्लीत सांगावं हे सुचलं नव्हतं. ती आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो तसाच हातात धरून उभी राहिली.

ठेका सोसायटीकडेच राहिला. धनराज पहाटे जाळं घेऊन निघतो. प्रेमिला सिंदेवाहीला बसत नाही. टोपली घेऊन रोज वेगळ्या गावाला जाते, आणि कुणी नाव विचारलं तर नुसतं "धनराजची बायको" म्हणते.