द्राक्षाच्या मांडवाखालचं लग्न

कॅमेरा मी एडनला घेतला. तेव्हा मी मालवाहू बोटीवर स्टुअर्ड होतो. आठ एमएमचा, चावी फिरवून चालणारा, तळहातात मावेल एवढा कॅमेरा. सुट्टीवर शिरोड्याला आलो की तो गळ्यात अडकवूनच बाजारात जायचो, अगदी मासे आणायलासुद्धा. बांगडे घ्यायला कॅमेरा कशाला लागतो, असं मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी दात काढून हसलो असतो. नुसती मिजास होती ती. चुलत्यामामांच्या घरची चार-पाच लग्नं काढली होती, आणि तेवढ्यावर मला वाटायला लागलं होतं की लग्न काढावं तर मीच.

आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर मिठागरावरचे एक निवृत्त इन्स्पेक्टर राहायचे. बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. मूळचे अलिबागकडचे. नोकरीने इथे आले आणि इथलेच झाले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटायची नाही, बिनखवल्याचा मासा चालायचा नाही, एवढं सोडलं तर आमच्यात नि त्यांच्यात फरक असा काही नव्हताच. काकांना एकच वेड होतं. नाशिकहून द्राक्षाची कलमं आणून त्यांनी अंगणभर मांडव चढवला होता. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात द्राक्षं धरायची ती आंबटढाण, पण काका प्रत्येकाच्या हातावर दोन दोन ठेवायचे आणि आपण खाताना आपल्या तोंडाकडे बघत राहायचे. गोड म्हणावंच लागायचं.

बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट असेल. काकांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. नवरामुलगा मुंबईचा, आणि लग्न झालं की पंधरा दिवसांत दोघं विमानाने इस्रायलला जाणार, कायमची. त्यांची लग्नं मुंबईला त्यांच्या देवळात व्हायची. पण काकूंना क्षय झालेला. त्या घाटावरच्या सॅनेटोरियममध्ये वर्षभर पडून होत्या. काका म्हणाले, तिला जर येता येत नाही, तर निदान तिने सारवलेल्या अंगणात तरी लग्न होऊ दे. मुंबईहून पाहुणे बोटीने वेंगुर्ल्याला उतरले, त्यांचे हजान, म्हणजे आमचे भटजी म्हणा हवं तर, तेही आले.

लग्नाआधी चार दिवस काका आमच्या घरी आले. माझ्यापेक्षा तीस-पस्तीस वर्षांनी मोठा माणूस, पण उंबऱ्यातच उभे राहून हात जोडल्यासारखं करून म्हणाले, "तुझ्या कॅमेऱ्यात आमचं लग्न घेशील का रे? तिच्या आईला दाखवायचंय. तिकडे वीज आहे. मुलगी निघताना तिला भेटून जाईलच, पण व्हरांड्यातनं, लांबनं. लग्न काही तिला दिसायचं नाही."

मी म्हटलं, "काका, हे काय विचारणं झालं?"

त्यांनी खिशातनं एक कागद काढला. विधी कसे कसे होतात, ते त्यांनी मराठीत ओळीने लिहून आणलं होतं. मला समजावून सांगायला लागले. मी तो कागद घेतला, न वाचता घडी घातली आणि म्हटलं, "काका, तुम्ही निश्चिंत राहा. पाच लग्नं काढलीत मी."

ते गेल्यावर आये माझ्यावर उखडली. काकूंची आणि तिची मैत्री होती. "शान मारू नको. तेंच्यात काय काय आसता ता आदी नीट इचारून घे. मगे तोंड घेवन खंय जाशीत?"

"आये, माका शिकवू नको," मी म्हटलं. "लगीन ता लगीन. सगळ्यांचा सारख्याच."

"तुझ्या तोंडार शिरा पडो," असं म्हणून ती आत गेली. कागद माझ्या शर्टाच्या खिशातच राहिला आणि धुण्यात गेला.

आता त्या फिल्मचं थोडं सांगायला हवं. एक रीळ म्हणजे जेमतेम चार मिनिटं. दोन मिनिटं झाली की सावलीत बसून रीळ उलटं घालायचं, की पुढची दोन मिनिटं. माझ्याकडे तेव्हा एकच रीळ उरलं होतं, आणि दुसरं मुंबईशिवाय मिळायचं नाही. त्यामुळे कुठे बटण दाबायचं नि कुठे नाही, ही सगळी अक्कल. आणि अक्कल आपल्याला भरपूर आहे, अशी माझी खात्री होती.

आदल्या दिवशी हळद झाली, संध्याकाळी उन्हं असतानाच मेंदी झाली, हिरव्या बांगड्या भरल्या. मग मलिदा केला, म्हणजे गूळ, खोबरं घातलेले पोहे, वर फळं, आणि एका नबीचं नाव घेऊन सगळ्यांनी प्रार्थना म्हटली. मी हरखलो. हे तर सगळं आपल्यासारखंच! दोन मिनिटं मी ह्यातच घालवली. मुलीचे मेंदीचे हात घेतले, तोंड नाही घेतलं. म्हटलं, तोंड उद्या. माझं गणित पक्कं झालं होतं. हळद आहे, बांगड्या आहेत, मग अक्षताही असणारच. आंतरपाट धरतील, मंगलाष्टका होतील, सगळे उभे राहतील, अक्षता पडतील, तोच तो क्षण. त्याच्यासाठी शेवटचं अर्धं मिनिट राखून ठेवायचं. आमच्याकडची लग्नं मी अशीच काढली होती आणि सगळ्यांनी वाहवा केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रीळ उलटं घातलं. पाहुणे येताना घेतले, द्राक्षाचा मांडव खालून वर घेतला, वाढपी घेतले, नवऱ्याचे बूट घेतले, कारण आमच्याकडे करवल्या बूट पळवतात. मुंबईच्या पाहुण्यांतली एक मुलगी दोनदा घेतली. तेही आता सांगूनच टाकतो. मग अर्ध्या मिनिटाची फिल्म उरली तेव्हा मी स्टुलावर उभा राहिलो आणि अंगठा बटणावरून काढला.

चौघांनी एक पांढरी शाल चार टोकांना धरली. नवरा तिच्याखाली उभा राहिला आणि गायला लागला. पांढरी साडी नेसलेली मुलगी काकांच्या हाताला धरून घरातनं चालत आली. तो तिच्याकडे बघत गात होता आणि ती येत होती. माझ्या मनात आलं, हे गाणं म्हणजे काहीतरी आधीचं, पाहुण्यांच्या करमणुकीचं. काकांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी विचारलं, घेतोयस ना? मी हाताचा पंजा दाखवला. थांबा.

हजानांनी काही म्हटलं. नवऱ्याने मनुकांच्या शरबताचा पेला घेतला, घोट घेतला, तिला दिला. मग अंगठी काढून तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीत घातली. काकांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं, ह्या वेळी मानही हलवली. आणि मी, माझ्या तोंडात शेण घालावं अशा त्या वेळी, हसलो. तुम्हाला काय कळतंय फिल्ममधलं, असं ते हसू होतं. पुन्हा पंजा दाखवला. थांबा हो काका, अजून अक्षता कुठे पडल्यात?

मग एक कागद बराच वेळ वाचला गेला. मी आंतरपाट कुठे ठेवलाय ते शोधत होतो. पुन्हा शरबत झालं, आणि खळ्ळकन काच फुटली. नवऱ्याच्या पायाखाली पेला फुटला होता. ऐन लग्नात काच! मी घाईने मान वळवली, अशा वेळी दुसऱ्याच्या घरी आपण बघू नये म्हणून. पण मांडवात एकच आरडाओरडा झाला, टाळ्या पडल्या, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडायला लागले.

मी शेजारच्या पाहुण्याला विचारलं, "अक्षता कधी?"

तो हसला. "कसल्या अक्षता? लग्न लागलं की!"

मी स्टुलावरून उतरलो. उरलेलं अर्धं मिनिट काकांवर घातलं, कारण तेच समोर होते. वेलीखाली उभे राहून कोणाकोणाला मिठ्या मारत होते, हसत होते, रुमालाने डोळे पुसत होते. मुलगी बायकांच्या घोळक्यात. तिचं तोंड एकदा, निमिषभर दिसलं. मग चावी संपल्यासारखा कॅमेरा थांबला. फिल्म संपली होती.

काका माझ्याकडे आले. घामाने भिजले होते. "आलं ना रे सगळं?"

"फर्स्टक्लास, काका."

"काही राहिलं असेल तर सांग हां. संकोच करू नको. दोघं अजून तशीच आहेत, ऊनही आहे. पुन्हा उभी करू."

खरं सांगितलं असतं, तर काहीतरी मार्ग निघाला असता. मुंबईला निरोप धाडून रीळ मागवता आलं असतं. ती दोघं अजून चार दिवस तिथेच होती. पांढरी साडी पुन्हा नेसली असती, अंगठी पुन्हा घातली असती. काय बिघडलं असतं? माझी शान गेली असती, एवढंच. मी म्हटलं, "काही राहिलं नाही." घरी आलो तर आये म्हणाली, "जेवलंस नाय? तोंड असा कित्याक झाला?" मी तिच्यावर खेकसलो.

फिल्म धुऊन आली ती मी आधी वेंगुर्ल्याला एका मित्राच्या घरी लावून बघितली. जे नव्हतं ते नव्हतंच. तोवर नवरानवरी निघून गेली होती. येताना एसटीत बसून मी लॅबवाल्यांवर ढकलायचं ठरवलं.

काका आणि मी प्रोजेक्टर मांडीवर घेऊन एसटीने घाट चढलो. दुपारची वेळ. सॅनेटोरियममधल्या नर्सबाईंनी खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवर चादर बांधली. काकूंना उशा लावून बसवलं. किती लहान झाल्या होत्या त्या! केसांना तेल लावून, वेणी घालून घेतली होती, लेकीच्या लग्नाला बसायचं म्हणून. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकाही बघत होत्या.

मलिदा आला तेव्हा काकू हसल्या. मेंदीचे हात आले तेव्हा म्हणाल्या, "हात तिचेच." बूट आले. ती मुंबईची मुलगी आली, मग पुन्हा आली. काका हसत होते, मिठ्या मारत होते. लेकीचं तोंड आलं आणि गेलं. चादर पांढरी झाली.

"संपली?" काकूंनी विचारलं.

"मधला भाग लॅबवाल्यांनी खराब केला," मी म्हटलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. दोनदा पंजा दाखवलेला त्यांना आठवत असणारच.

काकू म्हणाल्या, "जाऊ दे. तू तर समोरच होतास की. तू सांग मला. अंगठी घातली तेव्हा कशी होती रे ती?"

मी बघितलंच नव्हतं. त्या वेळी माझं सगळं लक्ष काकांना पंजा दाखवण्यात होतं. पण तोंड उघडलं आणि बोललो, "हसत होती, काकू. अगदी हसतमुख."

काकूंनी काकांकडे बघितलं. "तुम्ही तर लिहिलं होतंत, ती एवढी रडली की हजानांना थांबावं लागलं म्हणून."

मला वाटलं, आता काका बोलतील, मला शिव्या देतील, देऊ देत. काका खाली मान घालून बसले. काकूंनीच म्हटलं, "परत लाव बाबा. तिचं तोंड येतं ना, तेवढं तरी." मी तीनदा लावली. निघताना त्यांनी मला दोन संत्री दिली आणि म्हणाल्या, एवढ्या लांब माझ्यासाठी आलास. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकू त्याच वर्षी गेल्या. काका चार वर्षांनी गेले; मी तेव्हा बोटीवर होतो. त्यांच्याकडे प्रोजेक्टर नव्हता म्हणून फिल्म माझ्याकडेच राहिली होती. त्यानंतर इस्रायलहून मला पत्र आलं. अक्षर सुंदर, मराठी आपलीच.

तिने लिहिलं होतं, आईचं शेवटचं पत्र माझ्याकडे आहे. आईने लिहिलंय की मी सगळं लग्न बघितलं, अंगठी घालताना तुझा हात थरथरत होता तोसुद्धा दिसला. बाबाही लिहायचे, पोराने फर्स्टक्लास काम केलं. तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही. आता दोघंही नाहीत, आणि घरही विकलं गेलं. ती फिल्म मला पाठवाल का? इकडे दाखवायची सोय आहे.

मी ते पत्र पंधरा दिवस जवळ ठेवलं. फिल्म पाठवली असती तर तिला कळलं असतं की तिच्या आईने काही बघितलं नव्हतं. मरणाऱ्या बाईने लेकीसाठी लिहिलेलं खोटं मी कसं उघडं पाडू, असं मी स्वतःला सांगितलं. ऐकायला बरं वाटतं. पण ते सोंग होतं. मला मलाच वाचवायचं होतं. त्या रिळात तिचा बाप अर्धं मिनिट हसत होता, आणि तिला तेवढंही पुरलं असतं.

मी लिहिलं, समुद्राच्या हवेने फिल्मला बुरशी लागली, टाकून द्यावी लागली, क्षमा असावी. तिचं उलटटपाली उत्तर आलं: तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

फिल्म माझ्या कपाटात आहे. दर वर्षी पावसाळा संपला की डबा उघडून बघतो. तिला काहीही झालेलं नाही.