डच म्हातारीची डावी पापणी

माणिक सामंतांची अख्खी नोकरी बँकेच्या ऑडिटमध्ये गेली. निवृत्त झाल्या तरी संशय घ्यायची सवय काही सुटली नाही. सोसायटीचा सेक्रेटरी जरा गोड बोलला, की ह्या सावध. अशा बाई मुलुंडला देवव्रत सरांकडे ऑइल पोर्ट्रेट शिकायला जाऊ लागल्या, तेव्हा घरच्यांना हसूच आलं.

सरांची रीत एकच. एखाद्या जुन्या, नावाजलेल्या चित्राची छापील प्रत समोर ठेवायची आणि हुबेहूब उतरवायची. माणिकबाईंच्या वाट्याला एक डच म्हातारी आली. पांढरी टोपी, काळा झगा, मागे तपकिरी अंधार. ऑइलचा थर वाळायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यांचे कॅनव्हास सरांच्या घरातच, क्लासच्या खोलीत भिंतीला टेकून असायचे.

एका शनिवारी माणिकबाईंनी कॅनव्हास ईझलवर ठेवला आणि थबकल्या. म्हातारीच्या डाव्या पापणीखाली लालसर रंगाचा एक बारीक स्पर्श होता. डोळा एकदम जिवंत वाटत होता.

"सर, हे तुम्ही केलंत?"

"मी विद्यार्थ्यांच्या चित्राला हात लावत नाही, माणिकताई. छान जमलंय की."

जमलंय कसलं! हा रंग त्यांनी पॅलेटवर काढलाच नव्हता. शेजारच्या ईझलवरचा सुयोग म्हणाला, "काकू, चांगलं झालंय ना? मग कशाला डोकं लावताय?" झालं, त्याच्यावरही संशय आला. त्या दिवसापासून निघताना त्या चित्राचा फोटो काढू लागल्या. पुढच्या शनिवारी गालाचं हाड बदललेलं, त्याच्या पुढच्या वेळी ओठांची कड. चित्र सुधारत होतं, आणि सुधारेल तसा बाईंचा संताप वाढत होता. आपल्याला वेड्यात काढतायत सगळे!

शेवटी एका बुधवारी दुपारी, क्लास नसताना, त्या न सांगता जाऊन थडकल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सरांची बायको रेवती त्यांच्याच कॅनव्हाससमोर बसली होती. नाकातोंडाला ओढणी बांधलेली, हातात ब्रश.

"अच्छा! म्हणजे तुम्ही!"

रेवती दचकली, मग खोकू लागली. खोकला थांबेना. माणिकबाईंनी खिडकी उघडली, पाणी दिलं. जरा सावरल्यावर ती म्हणाली, "मला दमा आहे. टर्पेंटाइनचा वास सोसत नाही, म्हणून ह्यांनी मला चित्रं काढायचं बंद करायला लावलं. ते बाहेर गेले की येते. ह्यांना सांगू नका ना."

"पण माझंच चित्र का?"

"राग येईल तुम्हाला."

"तो आलेलाच आहे. बोला."

"मूळ चित्रातली म्हातारी दमलीय हो. तुमची म्हातारी मात्र, कुणीतरी चोरी करतंय अशा नजरेने बघत होती. मला राहवलं नाही."

माणिकबाईंनी फोनमधला पहिला फोटो काढला आणि छापील चित्राशेजारी धरला. खरंच, भुवया आवळलेल्या, ओठ मिटलेले. रोज आरशात दिसणारा चेहराच त्यांनी म्हातारीला चिकटवला होता. मग त्यांनी चिंधी घेतली आणि रेवतीने नुकताच लावलेला ओला रंग पुसून टाकला.

"चित्र माझं आहे, मीच करणार. तुम्ही तिकडे खिडकीत बसा आणि तिथून सांगा. आणि सरांपासून मी काही लपवणार नाही, आधीच सांगते."

शनिवारी त्यांनी सरळ सांगून टाकलं. सर बायकोवर भडकले. "औषधं तुला आणून देतो ते कशासाठी?" रेवती तितक्याच जोरात म्हणाली, "नुसतं श्वास घेत जगायचं का मी?" क्लासमध्ये कुणी मान वर केली नाही.

दोन-तीन आठवडे घर धुमसत होतं. मग एका शनिवारी क्लासच्या खोलीत नवा एक्झॉस्ट पंखा फिरताना दिसला. त्याच्याखाली रेवती खुर्ची टाकून बसली होती, ब्रशशिवाय, आणि प्रत्येकाच्या चित्रातल्या चुका तिथूनच सांगत होती. सर ऐकून न ऐकल्यासारखं करत होते.

माणिकबाईंची म्हातारी पावसाळा संपता संपता पूर्ण झाली. हनुवटी जरा वाकडीच राहिली, पण ती दमलेली दिसते. माणिकबाई मात्र त्या बुधवारपासून कॅनव्हास क्लासमध्ये ठेवत नाहीत. ओला असला तरी रिक्षात मांडीवर धरून घरी नेतात.