सरांची मशीन सगळ्यात भारी

मेटल डिटेक्टर घेतला की जमिनीतून सोनं निघो न निघो, किस्से मात्र ढिगाने निघतात. आम्ही रिसोडचे तिघं शौकीन: मी, वेल्डिंगवाला सलीम आणि रिटायर झालेले गावंडे सर. तिघांच्या तीन मशिनी. कोणाची भारी, यावर रोज जुंपते. सरांसाठी तर हा इज्जतीचा सवाल. शाळेत असताना त्यांनी कधी स्वतःची चूक कबूल केली नाही, आता मशीनची करतील?

*

माझी मशीन ऑनलाइन मागवलेली, सगळ्यात स्वस्त. गुण एकच, वजनाला हलकी. लोखंड, पितळ, गुटख्याची पुडी, सगळ्याला एकच आवाज. पहिल्याच दिवशी माळावर पावलापावलाला वाजायला लागली. खजिना समजून मी घामाघूम होईस्तोवर खड्डे खोदले.

सलीम बांधावर बसून पाहत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, तुमच्या बुटाले खिळे हायेत."

*

सलीमची मशीन सेकंडहँड, पण हातभर खोलचं पकडते. खोट एकच: विजेची तार किंवा चालू मोटरपंप जवळ असला की नुसती बरळते. त्यामुळे लाइट गेली की अख्खं गाव शिव्या घालतं आणि हा एकटा खुशीत मशीन घेऊन शेताकडे पळतो.

एका शेतकऱ्याने त्याला अडवलंच. "लाइट तूच घालवतं का बे?"

*

सरांची मशीन महागाची. स्क्रीनवर प्रत्येक धातूचा आकडा येतो, खिळे ती सोडून देते. खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं, म्हणून सर तळ्यात छातीभर पाण्यात उतरले. वॉटरप्रूफ होती फक्त खालची चकती! वरचा डबा भिजला आणि मशीन कितीतरी दिवस तांदळाच्या कोठीत झोपली.

सर म्हणाले, "मशिनीत खोट नाही. तळं खोल होतं."

*

परवा केनवडहून विष्णुभाऊंचा फोन आला. मेथी खुडताना त्यांच्या मुलीच्या, सुमनच्या, बोटातली साखरपुड्याची अंगठी वाफ्यात पडली होती. रविवारी सोयरे येणार, अंगठी दिसली नाही तर अपशकुन म्हणून लग्न मोडणार. विष्णुभाऊ रडकुंडीला आलेले. सर म्हणाले, आज कोणाची मशीन भारी त्याचा फैसलाच होऊन जाऊ द्या.

माझी मशीन गुटख्याच्या पुड्यांवर नाचत राहिली. सलीमची पंपाशेजारी बरळत राहिली. सरांची शांत. सर मिशीत हसत एकेक वाफा संपवत बांधाशी आले. तिथे सुमन मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. एकेकाळची त्यांचीच विद्यार्थिनी. चकती तिच्या ओढणीच्या गाठीजवळून गेली आणि मशीन स्वच्छ वाजली. स्क्रीनवर सोन्याचा आकडा.

मी शेजारच्याच वाफ्यात होतो. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग सुमनकडे. तिने हातातली जुडी खाली ठेवली नाही. हळूच म्हणाली, "सर, पुढच्या महिन्यात माहं पोलीस भरतीचं ग्राउंड हाय."

पलीकडून विष्णुभाऊंनी विचारलं, "काहून वाजून राह्यली सर? सापडली काय?"

सरांनी मशीन बंद केली.

"नाही हो विष्णुभाऊ. माही मशीन निव्वळ भंगार हाय."