झेंडूने बुजलेली गेज विहीर

अनसूयाबाईंचं नाव आधी घेतो. त्या नसत्या तर मला अकोल्याहून मालवणला परत जावं लागलं असतं. सातवीत शाळा सोडलेल्याला दुसरी नोकरी कोण देतं?

महाराष्ट्र होऊन वर्षही झालं नव्हतं. जुन्या शहराच्या बाजूला, मोर्णेकाठी मी गेज रीडर, म्हणजे नदीची उंची मोजणारा, म्हणून लागलो. वाहत्या पाण्यावर लाटा असतात, उंची नीट कळत नाही. म्हणून काठावर विहीर बांधून ती तळाशी पाइपने नदीला जोडतात. नदी चढली की विहीर तेवढीच चढते, पण संथपणे. आत फ्लोट, म्हणजे पत्र्याचा पोकळ डबा तरंगतो. तो वर गेला की बाहेरचा काटा सरकतो. काटा लाल खुणेवर आला की मी घंटा वाजवायची आणि खालच्या मळेवाल्यांनी वर यायचं.

त्या सकाळी नदी गढूळ झाली, फुगलीही. काटा हलेना. मागे एकदा नुसत्या नजरेवर घंटा वाजवली, तेव्हा आमच्या खात्याचे साहेब म्हणाले होते, "काटा सरकारचा आहे. डोळे तुझे."

मी थांबलो. खालच्या मळ्यात अनसूयाबाईंच्या वांग्यांत पाणी शिरलं तेव्हा घंटा बडवली. माणसं वाचली. मळा गेला.

पाणी ओसरल्यावर साहेबांची जीप आली. विहिरीत माणूस उतरवला. पाइपच्या तोंडाशी कुजलेल्या झेंडूचा लगदा निघाला.

"तुझं लक्ष कुठे होतं? उद्यापासून येऊ नकोस."

साहेबांनी मला सुनावलं. मागून अनसूयाबाई पुढे आल्या. देवळाला हार त्याच द्यायच्या, निर्माल्यही त्याच न्यायच्या.

"त्याले कावून बोलता, साहेब? विहिरीत फुलं म्या टाकली. पोरगं जेवाले गेलं का टाकत होती. देवाची उतरलेली फुलं, पायाखाली येऊ नये म्हून. नदीवर ढोरं उतरतात."

"बाई, तुमचा मळा सरकारी जागेत आहे. परवाना जाईल."

"मळा तं नदीनं तुमच्याआधीच नेला."

"साहेब, त्यांना ठाऊक नव्हतं..." मी म्हणालो.

"तू गप्प."

माझी नोकरी राहिली, त्यांचा परवाना गेला. त्या तिवशाला बहिणीकडे गेल्या, आता दुसऱ्याच्या शेतात निंदायला जातात. निघताना म्हणाल्या, "मायले पत्र टाक रे बाबू, नोकरी हाय म्हून."

विहिरीला लोखंडी झाकण आणि कुलूप बसलं. काटा बरोबर चालतो. बाकीचे मळेवालेही पुरानंतर परतले नाहीत, घंटा ऐकायला खाली कोणी नाही. आता मी आधी पाणी बघतो, मग काटा.

मी अजून नोकरीत कायम झालेलो नाही. झालो की तिवशाला जाणार, त्यांच्या परवान्याचा अर्ज घेऊन साहेबांपुढे उभा राहणार. तेव्हा 'तू गप्प' म्हटलं तरी गप्प बसणार नाही.