खाडीचं पाणी कोणी फोडलं?

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मगच सांगतो. आमच्या घरात हा विषय निघाला की मी उठून ओट्यावर जाऊन बसतो. असा घोळ केलाय मी की त्याला तोड नाही. पण आज तुम्ही चहा पाजलाय, तर ऐका.

मी पाटकरी. सोनईच्या बाजूला कालव्यावर नोकरी केली. धरणातून पाणी सुटलं की चाऱ्यांची, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या छोट्या पाटांची, दारं उघडायची, ज्याची पाळी असेल त्याला पाणी द्यायचं, आणि कोणी गुपचूप भराव फोडून पाणी पळवलं की त्याला हुडकून काढायचं. या शेवटच्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. नुसती चिखलाची चप्पल बघून चोर ओळखायचो. मोठेपणा सांगत नाही. बरं, थोडा सांगतोय.

तर आमच्या हिची, म्हणजे कमलची, मावसबहीण शोभा. तिचा नवरा विलास शाळामास्तर. आपल्याकडचाच, पण नव्वद सालाच्या आसपास नेमणूक मिळाली ती थेट कोकणात. डोंगरांच्या मधे दरी, दरीतून नदी, नदीकाठी गाव. दर दिवाळीला शोभा माहेरी आली की त्या दरीची वर्णनं सुरू. मृगाच्या आधी म्हणे झाडंच्या झाडं काजव्यांनी पेटतात. श्रावणात जिकडं बघावं तिकडं धबधबे. चैत्रात करवंदं आणि काजू. आणि थंडीत कुठल्या कुठल्या मुलखातून पांढरी पाखरं येतात, कुरव म्हणतात त्यांना, ती बसली की खालचं पाणीसुद्धा दिसत नाही.

कमल हे सगळं हातातलं काम टाकून ऐकायची. आता आमच्याकडं पाखरू म्हणजे काय, तर ज्वारीवर बसणारं आणि गोफणीनं हाकलायचं. ते मुद्दाम बघायला कोण जातं?

"मला ती पाखरं बघायचीत," ती एकदा म्हणाली. लग्नानंतर तिनं माझ्याकडं स्वतःसाठी फारसं काही मागितलेलं नव्हतं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "जाऊ की!"

आणि सुरू झालं आमचं नियोजन. काजव्यांना जावं, तर इकडं बाजरीची पेरणी. धबधब्यांना जावं, तर इकडं पावसानं दडी मारलेली आणि अर्धं गाव पाण्यासाठी माझ्या दारात. दिवाळी झाली की कांद्याची लागण. थंडीत रब्बीचं पाणी सुटलेलं, तेव्हा पाटकऱ्यानं रजा मागितली तर साहेब नुसते हसायचे. उन्हाळ्यात तर पाण्यावरून डोकी फुटायची वेळ. तिकडं निसर्गाला बहर आला की इकडं माझ्या मानगुटीवर काहीतरी बसलंच म्हणून समजा. असं करता करता वर्षं निघून गेली.

मग एका दिवाळीला शोभा म्हणाली, "ताई, यंदा आलीस तर आलीस. उन्हाळ्यात यांची बदली होतीय इकडं. मग तिथं आपलं कोण? आन् पाखरं होळीपर्यंतच असत्यात."

कमलनं माझ्याकडं बघितलं. रब्बीचं एक पाणी संपून दुसरं सुटायच्या आत मी रजा टाकली, आणि एसट्या बदलत बदलत आम्ही एकदाचे कोकणात उतरलो.

पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. नदी बघून मी बेहद्द खूश. पाणी दोन्ही काठांना टेकलेलं.

"विलासराव, झकास सोडलंय हो पाणी," मी म्हणालो.

विलास हसला. मी गंमत करतोय असं वाटलं त्याला. "उद्या सकाळी होडी काढू," तो म्हणाला. "ताईंना पाखरं अगदी जवळून दाखवतो."

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही मला अगदीच येडा समजणार नाही. भरती-ओहोटी मी शाळेत शिकलो होतो. पण ती समुद्राची. इथं समुद्र होता कुठं? दोन्हीकडं डोंगर, डोंगराखाली भातखाचरं, आणि अख्खं गाव त्या पाण्याला नदीच म्हणत होतं. समुद्र एवढा आत घुसतो, हे मला कोणी सांगायचं?

सकाळी तांब्या घेऊन काठाकडं गेलो, तर काय? पाणी गायब. नुसता चिखल. होड्या कुशीवर लोळतायत, खेकडे फिरतायत, आणि मधून एक बारीकशी धार. एवढं भरलेलं पात्र असं आपोआप आटतं होय? मी उगाच पाटकरी झालो का? हे फुटलं होतं. नक्की कोणीतरी फोडलं होतं.

तसाच घरी आलो. विलास होडीवाल्याला सांगायला गेला होता. दोघी बहिणी चुलीपाशी होत्या.

"कमल, पाणी गेलं."

"गेलं? कुठं गेलं?"

"कुणीतरी फोडून नेलंय."

तिचा चेहरा उतरला. "मग होडी? आन् पाखरं?"

"पाण्याबिगर होडी कशी चालंल?"

शोभा पदरात तोंड लपवून म्हणाली, "दाजी, येतंय हो पाणी. बसा, चहा घ्या." मी चेष्टा करतोय असंच वाटत होतं तिलाही.

"पाणी असं येत नसतं शोभा, आनावं लागतं."

"अहो, तुमी रजेवर हाय ना?" कमल म्हणाली.

पण तिचं ते उतरलेलं तोंड मला बघवेना. एवढ्या वर्षांनी आणलं बायकोला, आणि पाणीचोरानं घात करावा? तोही माझ्यासारख्याच्या डोळ्यांदेखत? काठी उचलली आणि निघालो.

चिखलात एक आजी वाकून शिंपल्या वेचत होती.

"आजी, पाणी कुठं गेलं?"

"गेलं तिकडं," तिनं मावळतीकडं हात केला.

"असं रोज जातं?"

"रोज. दोन बारी."

रोज दोनदा! आमच्याकडचा पट्टीचा पाणीचोरसुद्धा आठवड्यातून एकदा हिंमत करायचा.

"आणि तुम्ही तक्रार करत नाही?"

आजीनं मला नखशिखांत न्याहाळलं. "कुणाकडं करू बाबा?"

किती गरीब माणसं ही, मला वाटलं.

काठाला दाट झुडपं होती, भराव काही दिसेना. पात्राच्या मधोमध वाळूचा एक उंचवटा होता. तिथून दोन्ही काठ नीट न्याहाळता येतील म्हणून चिखल तुडवत निघालो. वाटेत एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली. ती काढायच्या नादात दुसरीही गेली. उंचवट्यावर चढलो, कपाळावर हात धरला आणि मावळतीकडं बघितलं.

पाणी येत होतं.

खालून वर येत होतं, तरी मला शंका आली नाही. मी काय समजलो असेन? चोरानं मला बघितलं आणि घाबरून पाणी परत सोडलं! छाती फुगली माझी. काठी उंचावून ओरडलो, "सोड! समदं सोड! मी हाय हितं!"

त्यानं सोडलं. घोट्याला लागलं, पिंढरीला लागलं. मी आपला "अजून सोड" म्हणतोय. गुडघ्याला लागलं तेव्हा मागं वळून बघितलं, तर मी आलो ती वाटच नव्हती. सगळीकडं पाणी. आणि मला पोहता येत नाही. पाटकऱ्याला कशाला लागतंय पोहायला?

तेवढ्यात ती आली. पाखरं हो. पाण्याबरोबर थव्यानं आली आणि माझ्या चहूबाजूंनी बसली. पांढरीशुभ्र, अगदी हाताच्या अंतरावर. आणि त्यांच्या मागून होडी. होडीवाला, विलास, शोभा, आणि पुढं कमल.

जीव भांड्यात पडला. हाक मारायला तोंड उघडलं, तर कमलनं ओठांवर बोट ठेवलं. गप, म्हणे.

मी गप. कमरेइतक्या पाण्यात, काठी धरून, पाखरांच्या मधोमध. होडी लांबच थांबली. कमल बघत होती, हसत होती, मधेच पदरानं डोळे पुसत होती. इतकी खूश मी तिला लग्नातही बघितली नव्हती. मलाही भरून आलं, नाही असं नाही. फक्त माझ्याकडं ती चुकूनही बघत नव्हती.

तिचं पोटभर बघून झालं, पाखरं आपणहून उडाली, तेव्हा कुठं मला होडीत ओढलं.

होडीत काय बोलणं झालं, ते शोभानं मला घरी आल्यावर सांगितलं. होडीवाल्यानं विचारलं होतं, "ताई, ते मधे उभे आहेत ते तुमचेच ना? आधी त्यांना घेऊ का?"

कमल म्हणाली, "तिथं पाणी गळ्यापतुर चढतं का हो?"

"नाही, कमरेच्या वर नाय जात."

"मग ऱ्हाऊ द्या हुबं. पाखरं उडून जातील, ह्ये कुठं जात्यात?"